हेन डोमेन : गवताखालची गढी

वेल्सच्या सीमेवर, सेव्हर्न नदी जिथे पायी ओलांडता यायची त्या जागेजवळ हे टेकाड आहे. नाव हेन डोमेन. वेल्श भाषेत, जुनं टेकाड. वर गवत आणि झाडं. भिंत नाही, दगडी चौथराही नाही.

आता टेकाडाच्या पायथ्याशी बघा. हा खोलगट भाग म्हणजे खंदक. पलीकडे सपाट आवार, आणि त्याला मातीचे दोन बांध, दोन खंदक. एवढी माती कुणी उगाच उपसत नाही.

1070 च्या दशकात रॉजर द मॉन्टगोमेरी या नॉर्मन सरदाराने, म्हणजे फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांपैकी एकाने, इथे गढी उभारली. आपल्याकडच्या गढ्या आठवल्या तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल, फक्त इथे वरचं सगळं बांधकाम लाकडी. 1223 मध्ये जवळच्या खडकावर दगडी किल्ल्याचं काम सुरू झालं आणि या गढीचं मॉन्टगोमेरी हे नावही तिकडे गेलं.

लाकूड कुजलं. मग ओळखायचं कशावरून?

1960 मध्ये पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी इथे उत्खनन सुरू केलं. अरुंद चर खणून भागणार नाही, हे त्यांचं ठाम मत. आवाराचा मोठा तुकडा एकदम उघडायचा आणि थर हलक्या हाताने, एकेक करून सोलायचा. खुरपीखाली वेगळ्या रंगाचा गोल डाग दिसला, की तिथे खांब होता. काही घरांना खांबांचे खड्डेही नव्हते, ती नुसत्या आडव्या तुळयांवर टेकलेली. चर खणला असता तर ती कधीच सापडली नसती. वस्तू मात्र फार थोड्या मिळाल्या. काम 1992 पर्यंत चाललं, तेही आवाराच्या साधारण अर्ध्याच भागात. ही चिकाटी मला थक्क करते.

आणि बांधाच्या खाली? सरी-वरंबे. नांगरलेलं शेत!

1086 च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदीत, लिहिलंय, की नॉर्मन येण्यापूर्वी ही जमीन शिकारीसाठी राखलेली होती. म्हणजे शेत त्याहून जुनं. ते नांगरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्या सऱ्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांच्यावर गढीची माती पडली.