समुद्रघोड्याच्या कळा

(दृश्य : कृष्णधवल. पाणगवताच्या पात्याला शेपटीचा वेढा घालून उभा असलेला समुद्रघोडा. पोट फुगलेलं.)

याचे दिवस भरलेत. हो, याचेच. हा नर आहे.

समुद्रघोड्याची मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते आणि मोकळी होते. पुढचे काही आठवडे अंडी सांभाळायची नरानं, आणि शेवटी कळा सोसायच्या त्याही त्यानंच.

हे बाळंतपण फिल्मवर उतरवायचं, असं 1930 च्या दशकात झाँ पँलवे या फ्रेंच माणसानं मनावर घेतलं. वडील नामांकित गणिती, शिवाय फ्रान्सचे पंतप्रधान राहिलेले. चिरंजीव मात्र पाण्यात डोकं घालून बसलेले!

(दृश्य : आर्काशोंचा उपसागर. लहानशी होडी, पाण्यात उतरणारी रबरी नळी.)

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा आर्काशों. पाठीवर हवेची टाकी बांधून मनसोक्त पोहायचे दिवस अजून आलेले नव्हते. पँलवेच्या तोंडात नळीचं एक टोक, दुसरं होडीवरच्या पंपाला. वर दोन खलाशी चाक फिरवणार, तेव्हा खाली याला श्वास मिळणार.

एकदा हवा येईचना. जीव मुठीत धरून पँलवे वर आला. बघतो तर काय, चाक किती वेगानं फिरवायचं यावरून दोघांचं भांडण जुंपलेलं.

कॅमेऱ्याची गत याहून वेगळी नव्हती. पुढे काच लावलेल्या जलरोधक पेटीत तो बसवलेला. त्यात फिल्म मावायची जेमतेम काही सेकंदांची. संपली की वर या, भरा, पुन्हा बुडी मारा. तोवर मासा थांबतो होय? त्यात पाण्याची खोड अशी, की काचेतून चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर भासते. लेन्सही फसते, म्हणून फोकस लावायचा तो भासणाऱ्या अंतरावर. हा हिशोब आजच्या कॅमेरामनलाही चुकलेला नाही.

(दृश्य : काचेची टाकी, प्रखर दिवे.)

बाळंतपणाचं दृश्य समुद्रातलं नाही, टाकीतलं आहे. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. टाकी लपवली तर लबाडी. कळा टाकीतही खऱ्याच असतात. आणि त्या कधी सुरू होतील, ते समुद्रघोडा थोडाच सांगतो?

म्हणून वाट पाहायची. दिवस गेला, रात्र गेली, डोळे मिटायला लागले. यावर पँलवेनं काढलेला तोडगा ऐका. टोपीच्या पुढच्या झापेला त्यानं एक उपकरण जोडलं. डुलकी लागली, मान खाली गेली, की विजेचा हलका झटका!

(काही क्षण निवेदन नाही.)

बघा. नर पुढे वाकतो, मागे ताणला जातो. पुन्हा वाकतो. पिशवीचं तोंड उघडतं… आणि पिल्लं बाहेर पडू लागतात. एकेक, मग झुबक्यानं. एवढीएवढीशी, पण अंगकाठी हुबेहूब बापाची.

1934 च्या सुमारास हा लघुपट लोकांपुढे आला. बाप बाळंत होतोय, हे पडद्यावर पाहायला मिळालं.

शेवटी पँलवेचा मिश्कीलपणा उफाळून आलाच. तरंगणाऱ्या समुद्रघोड्यांच्या मागे त्यानं चक्क खऱ्या घोड्यांची शर्यत जोडून दिली.

(दृश्य : टापा उधळत जाणारे घोडे. पुढे, निवांत, समुद्रघोडा.)