पाचवा चतकोर : रोममधल्या एका वस्तीतलं जेवण

रोम. तिबर नदीकाठची टेस्ताच्चो वस्ती. संध्याकाळचे सात वाजून गेलेत आणि त्रात्तोरियाचं, म्हणजे साध्या खानावळीचं, दार अजून बंदच आहे. इथे साडेसातच्या आत जेवायला बसणारा माणूस बहुधा पर्यटक. वस्तीतली मंडळी साडेआठ-नऊला येतात, आणि एकदा बसली की लवकर उठत नाहीत.

तोवर ही कमान बघून घ्या. तिच्या माथ्यावरच्या शिल्पात पंख असलेला पुरुष बैलाला नमवतोय. हा रोमचा जुना कत्तलखाना. १८८८ ते १८९१ या काळात बांधला, १९७५ साली बंद पडला. आता आत कलादालनं आहेत, वास्तुकलेचे वर्ग भरतात. पण आसपासच्या खानावळींच्या मेन्यूकार्डावर तो अजून चालूच आहे!

जनावराचं चांगलं मांस ऐपतवाल्यांच्या घरी जायचं. मागे उरायचं शेपूट, आतडी, वजडी, काळीज, भेजा. कामगारांच्या मजुरीचा काही भाग याच मालात चुकता व्हायचा. जनावराचे चारही चतकोर विकून झाल्यावर उरलेला हा पाचवा, 'क्विंतो क्वार्तो'. कामगार तो घेऊन शेजारच्या खानावळीत यायचे आणि तिथल्या बायका तो रांधायच्या.

हे बघा, 'कोदा आला वाच्चिनारा'. बैलाच्या शेपटीचे तुकडे टोमॅटोत तासन् तास शिजलेत, वर सेलरीचे भरपूर दांडे. काही घरांत बेदाणे, चिलगोजे, चिमूटभर कडू चॉकलेटही पडतं. मांस हाडापासून आपसूक सुटतं, तरी सांध्यातलं काढायला काटा कामाचा नाही. बोटं बरबटवावीच लागतात, आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही.

त्याहून हट्टाचा पदार्थ म्हणजे 'पायाता'. दूधपित्या वासराची आतडी, आतल्या दुधासकट. शिजताना ते दूध घट्ट, मऊ होतं आणि सॉसला दाटपणा येतो. गुरांच्या मेंदूरोगाच्या साथीमुळे २००१ साली त्यावर बंदी आली, ती २०१५ मध्ये उठली. मधल्या काळात कोकराच्या आतड्यांवर भागवलं. जुने गिऱ्हाईक मात्र कुरकुरत राहिले.

सगळ्यांनाच हे झेपेल असं नाही. मग पास्ता आहेच. ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, पेकोरिनो चीज आणि मिरी : झाली 'ग्रिचा'. त्यात टोमॅटो घातला की 'अमात्रिचाना', टोमॅटोऐवजी अंडं घातलं की 'कार्बोनारा'. साय कशातच नाही. रोममध्ये कार्बोनारात साय मागून बघू नका. आणि ग्रिचातलं मांसच काढून टाकलं की उरतं 'काचो ए पेपे', दिसायला सगळ्यात सोपं.

आता आचाऱ्याच्या हाताकडे लक्ष द्या. भरडलेली मिरी कोरड्या तव्यावर भाजली, त्यावर पास्त्याचं पिठूळ पाणी पळीभर. पास्ता त्यात परतला आणि तवा आचेवरून खाली. चीज आत्ता, त्याआधी नाही. उष्णता जास्त झाली की चीजमधली प्रथिनं आकसतात आणि गुठळ्या होतात. पाण्यातला स्टार्च त्यांना एकत्र येऊ देत नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी या गुठळ्यांचा रीतसर अभ्यास केला आणि २०२५ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. आचाऱ्याला त्याचं काय! तो तवा हलवत राहतो, सॉस चकचकीत होईपर्यंत.

पास्ता हा इथे पहिला टप्पा, 'प्रीमो'. मांस नंतर, 'सेकोंदो'. भाजी वेगळी मागवायची, 'कोंतोर्नो'. हिवाळ्यात आलात तर पुंतारेल्ले घ्याच : कडसर कोवळे कोंब, बर्फाच्या पाण्यात ठेवून कुरळे झालेले, वर लसूण आणि अँचोव्ही मासळीची चटणी. एवढ्या जड जेवणात तोंडाला तेच तरतरी आणतात. सगळे टप्पे घेतलेच पाहिजेत असंही नाही. दोन घेतले तरी वेटर काही म्हणत नाही. जेवणावर कापुचिनो मागवलंत, तर त्याची भुवई जरा वर जाईल. कॉफी हवी तर छोटी, काळी.

बिल मात्र आपणहून येत नाही. गिऱ्हाइकाला उठवणं असभ्य मानतात, म्हणून 'इल कोंतो' म्हणून मागावं लागतं. त्यावर 'पाने' अशी एक ओळ दिसेल, पावाचे एक-दोन युरो. टेबलावर बसण्याचा आकार, 'कोपेर्तो', रोम ज्यात येतं त्या लात्सियो प्रांताने २००६ साली कायद्याने बंद केला. पावावर बंदी नाही.