फोटोवाल्याचे पायमोजे

[दृश्य : मंगल कार्यालयाचा जिना. पायरीशी चपलांचा ढीग. एका कडेला लेसचे काळे बूट, टाचा दबलेल्या.]

निवेदन :
लग्नात फोटोग्राफर आलाय की नाही हे बघायचं असेल तर स्टेजकडे बघू नका, चपलांच्या ढिगाकडे बघा. टाचा दबलेले बूट दिसले की समजायचं, आलाय. दिवसभरात ते बूट वीसदा काढायचे असतात आणि वीसदा घालायचे असतात. लेस सोडायला वेळ कुणाला आहे?

या धंद्यातला माझा पहिला दिवस बुटांमुळेच लक्षात राहिलाय. मी फक्त लाइट धरायला गेलो होतो. होम पेटलेला, नवरा-नवरी पाटावर, आणि मी कोपऱ्यात स्टँड सांभाळत उभा. थोड्या वेळानं लक्षात आलं, नवरीची आत्या माझ्या पायांकडे बघतेय. उजव्या पायमोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आत्या बोलली काहीच नाही. पण त्यानंतर दिवसभर माझ्यासाठी ‘ए, सरक तिकडे’ आणि आमच्या सरांसाठी ‘अहो, आमच्याकडून एक घ्या ना!’ सामान दोघांकडे एकाच स्टुडिओचं. सरांचा शर्ट तेवढा इस्त्रीचा होता.

[दृश्य : जुन्या स्टुडिओतला खिळा. त्यावर टांगलेला कोट. शेजारी आरसा, कंगवा, पावडरचा डबा.]

निवेदन :
तसं बघितलं तर आपल्याकडे फोटो आणि कपडे यांचा संबंध गिऱ्हाइकापुरताच होता. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत एक कोट टांगलेला असायचा. पोरगं परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आलं, की तो अंगात चढवायचा. बाह्या बोटांपर्यंत लोंबायच्या, पण फोटो छातीपर्यंतच, त्यामुळे चालून जायचं. फोटोवाला स्वतः काय घालायचा? कुणाला आठवत नाही. त्याचं डोकं काळ्या कापडाखाली असायचं.

आता उलट झालंय. गिऱ्हाईक आपापले कपडे घेऊन येतं, आणि फोटोग्राफरचा कोट लोक तपासतात.

[दृश्य : मांडवात काळ्या टी-शर्टमधली पाच-सहा जणांची टीम. पाठीवर स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर.]

निवेदन :
सध्याचा गणवेश म्हणजे काळा टी-शर्ट. त्यामागे कारण आहे, नुसती फॅशन नाही. काळा रंग उजेड परतवत नाही. लाल शर्ट घालून नवरीच्या हातभर अंतरावर जा, तिच्या गालावर लालसर झाक येते. चांदीच्या ताम्हणाचा फोटो काढताना तर फोटोवाला अख्खा त्या ताम्हणात उतरतो, बटणांसकट. म्हणून भांड्यांचे, दागिन्यांचे फोटो काढणारे काळंच घालतात. कधी समोर काळा कागद धरून त्याला लेन्सपुरतं भोक पाडतात. ताडोब्याला वाघाच्या मागे जाणारे मातकट, हिरवट रंगात फिरतात, त्यांचं गणित आणखी वेगळं.

पण मराठी लग्नात काळा म्हणजे पंचाईत. आजीबाई बघतात आणि नाक मुरडतात : ‘शुभकार्याला काळं कशाला घालून आलाय हा?’ आता ज्या मंगळसूत्राचा क्लोज-अप आम्ही काढतो, त्यातले मणी काळेच असतात. पण हे आजीबाईंना सांगायचं नसतं. सांगणारा फोटोग्राफर पुढच्या ऑर्डरला बोलावला जात नाही.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्रांची मालिका. दिल्ली, १९४० आणि ५० ची दशकं.]

निवेदन :
शुभ-अशुभाच्या पलीकडचं एक उदाहरण आपल्याकडे आहे. होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा, पारशी घरातला. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते पती माणेकशा यांच्या नावानं. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन दशकं या देशातल्या मोठमोठ्या घटना त्यांच्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांचं नाव घेतो.

आता त्यांच्या वेशाकडे बघा. साडी. हातात स्पीड ग्राफिक कॅमेरा, म्हणजे दोन्ही हातांनी पेलायचा जाडजूड डबा. फ्लॅशचा बल्ब एका फोटोत जळून जायचा, तो काढून नवा बसवायचा. फिल्मही प्रत्येक वेळी बदलायची. हे सगळं साडीचा पदर सांभाळत, सूटबुटातल्या पुरुषांच्या गर्दीत.

लोकांना ते दृश्य विचित्र वाटायचं. बाईच्या हातात कॅमेरा म्हणजे हौस, मिरवणं. होमाईंनी पुढे मुलाखतींत सांगितलंय, की कुणी आपल्याला गंभीरपणे घेतच नव्हतं, आणि तेच पथ्यावर पडलं. जिथे इतरांना अडवलं असतं तिथे त्या सरळ आत जायच्या.

[थोडा विराम. पडद्यावर साडीतल्या होमाई, कॅमेरा छातीशी.]

म्हणजे माझ्या फाटक्या पायमोज्यानं मला जिथे बाजूला सारलं, तिथे त्यांच्या साडीनं त्यांना पुढे नेलं. व्यावसायिक न दिसण्याचा असाही फायदा. मात्र गंमत अशी, की शिस्तीच्या बाबतीत याच बाई सगळ्यात कडक. छायाचित्रकारांनी कसं यावं, काय घालावं, एकमेकांशी आणि पाहुण्यांशी कसं वागावं, याचे त्या काळी अलिखित नियम होते आणि आम्ही ते पाळायचो, असं त्या सांगत. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला, त्याच्या कारणांत हेही होतं : नवी पिढी नियम पाळत नाही, झटपट पैशाच्या मागे आहे, या घोळक्यात आपल्याला उभं राहायचं नाही. त्यानंतर चाळीस वर्षं त्या हयात होत्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. धंद्यात मात्र परतल्या नाहीत.

मला हे कारण आधी जरा जास्तच वाटायचं. कपड्यांवरून, वागण्यावरून कुणी काम सोडतं का? मग मी स्वतः पन्नास-एक लग्नं केली.

[दृश्य : अंतरपाट. ‘शुभमंगल सावधान’. अक्षता उडतात. नवरा-नवरी आणि पाहुणे यांच्या मधोमध चार पाठी.]

निवेदन :
हा क्षण. नवरीच्या मागे मामा, शेजारी तबक घेतलेली करवली, मध्ये अंतरपाट. तीनशे माणसं याच क्षणासाठी गाडीभाडं खर्चून आलेली. त्यांना दिसतात चार पाठी आणि पाठीवरचे मोबाइल नंबर. मागून कुणीतरी ओरडतं, ‘ओ फोटोवाले, बसा खाली!’ निम्म्या अक्षता वधूवरांवर पडायच्या त्या आमच्या टकलावर पडतात.

एकदा अंतरपाट दूर झाला, नवरीनं हार घातला, आणि टीममधला एक जण म्हणाला, ‘ताई, हार परत काढा, फोटो हलला.’ गुरुजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मुहूर्त परत काढता येतो का? त्याच्या अंगावर त्या दिवशी माझ्यापेक्षा भारी जॅकेट होतं. खिसेच बारा. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन कॅमेरे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हाच मुख्य.

आमचे सर तेव्हा कुठे होते? बाजूच्या खांबाला टेकून, एक गुडघा जमिनीवर. तिथून नवऱ्याची अर्धीच बाजू दिसत होती, पण नवरीच्या आईचा चेहरा पूर्ण दिसत होता. हार पडल्या पडल्या आईनं पदर तोंडाला लावला, तो फोटो आल्बमच्या पहिल्या पानावर गेला. हार पडताना काय होणार हे सरांना माहीत होतं, कारण सकाळी चहाच्या वेळी ते त्या माउलीशी दहा मिनिटं बोलत बसले होते. माहेर कुठलं, मुलगी कितवी, वगैरे.

[दृश्य : कॅमेऱ्याचा क्लोज-अप. चकचकीत धातूच्या भागावर काळी चिकटपट्टी.]

निवेदन :
फ्रान्सचे छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचे. कॅमेऱ्यालाच साधे कपडे घातले म्हणा ना. आणि न्यूयॉर्कचे बिल कनिंगहॅम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॅशनचे फोटो काढले, आणि स्वतःच्या अंगावर फ्रेंच कामगारांचा निळा डगला. सायकलवरून फिरायचे. श्रीमंतांच्या पार्ट्यांत फोटो काढायचे पण तिथलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

हे शेवटचं आपल्याकडे जमणार नाही. मराठी लग्नात न जेवता निघालेला फोटोग्राफर म्हणजे यजमानांचा अपमान. फक्त कधी बसायचं ते कळलं पाहिजे. पहिल्या पंगतीत ताटावर बसलेला फोटोग्राफर लोक वर्षभर विसरत नाहीत. विहिणींची पंगत, उखाणे, घास भरवणं, हे सगळं होऊ द्यायचं. मग मठ्ठा संपलेला असतो, जिलबी गार झालेली असते, वाढपी स्वतःच जेवायला बसलेले असतात. त्यांच्याच ओळीत बसायचं.

[दृश्य : रिकामं कार्यालय. खुर्च्या एकात एक रचल्या जातायत. सर बॅग भरतायत. कॅमेरा हळूहळू बॅगेच्या आत.]

निवेदन :
परवा सरांची बॅग आवरायला मी मदत केली. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, तीन लेन्स, बॅटऱ्या, लेन्स पुसायचं फडकं. कोपऱ्यात कधीच्या तरी अक्षता. आणि बाजूच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, पायमोज्यांचे दोन नवे जोड.

मी विचारलं, ‘सर, काळे का नाही घेतले?’

‘आजी असते रे प्रत्येक लग्नात,’ सर म्हणाले. ‘राखाडी बरे.’