समुपदेशनातला ‘उपदेश’

श्रोतेहो, नमस्कार.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि मला वाटते, आपल्याकडचा निम्मा गैरसमज तिथूनच सुरू होतो. ‘याला जरा समजावून सांगा’ एवढ्याच अपेक्षेने पालक मुलाला समुपदेशकाकडे आणतात. वास्तविक समजावणारी माणसे त्याला घरात, शिकवणीत, देवळाच्या पायरीवरही भेटत असतात. भेटत नाही तो मध्येच न तोडता ऐकून घेणारा.

समजा, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून निघालेली एक मुलगी पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसली. न कळलेले विचारायची लाज वाटली, ती वर्षानुवर्षे साचत गेली आणि नववीत बस यायच्या वेळी रोज तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही, म्हणून घरचे ते नाटक ठरवतात. कोणी देवाला कौल लावून येते. कौल लावण्याला माझी हरकत नाही, पण तिचे पोट खरोखरच दुखत असते, कारण भीती शरीरातूनही बोलते. शाळा बुडवली की त्या दिवसापुरते बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. समुपदेशक तिच्याबरोबर हे चक्र उलगडतो: दुखणे कोणत्या वारी येते, कोणत्या तासाच्या आधी येते? मग त्या मोठ्या भीतीचे लहान तुकडे होतात. या आठवड्यात एकाच शिक्षिकेला एकच प्रश्न विचारायचा, तोही वर्ग सुटल्यावर. तो जमला की पुढचा.

मुलीने सांगितलेले घरी जाईल का, हा तिचा पहिला प्रश्न असतो. साधारणपणे जात नाही. मात्र जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गुप्तता राखता येत नाही, कारण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा अत्याचाराची माहिती देणे बंधनकारक केले आहे. हे समुपदेशकाने आरंभीच सांगायला हवे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली, मित्र तुटले, मरणाची भाषा तोंडी आली, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. ‘बांबोळी’ म्हटले की आपल्याकडे लोक कुजबुजतात, परंतु तेथील मनोविकार रुग्णालयात जाण्यात लाजण्यासारखे काही नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूतही चुकीची आहे; उलट विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते.

२०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. मुलाशी कसे बोलावे हे कळत नसेल, तर पालकांनीही तो क्रमांक लावावा. मुलाला समुपदेशकाकडे नेताना मात्र कुठे आणि कशासाठी जायचे ते खरे सांगा. दात दाखवायला जाऊ, असे सांगून आणलेल्या मुलाची पहिली भेट त्या खोट्याची भरपाई करण्यातच संपते.

नमस्कार.