तीन बोटं

सकाळचे सात वाजलेत. गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव, बसस्टँडवर चहावाल्याचं दूध अजून तापायचंय पण शेजारच्या टपरीत खर्रा घोटणं सुरू पण झालंय. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पाण्याचे दोन थेंब, सगळं पन्नीत टाकून फळीवर खसाखसा घासायचं. हा आवाज विदर्भातला माणूस झोपेतही ओळखेल. नगरकडे याचाच मावा होतो, आणि कित्येक घरांत आया-आज्या तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात, दिवसातनं तीन-चार वेळा हिरड्यांना लावतात, त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही आणि म्हणूनच त्यांचं तोंडही कुणी बघत नाही.

टपरीसमोर उभा असलेला हा पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, सेंट्रिंगच्या कामावर जातो. दिवसाला सात-आठ खर्रे. त्याला पहिल्यांदा काय जाणवलं विचाराल तर तो गाठ वगैरे सांगत नाही, तो म्हणतो ठेचा खाता येईना. विदर्भातला माणूस आणि तिखट लागलं की तोंडाची आग! घरचे म्हणाले उष्णता झाली असेल, तोंड आलं असेल, मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्स आणलं. वर्ष गेलं. मग पाणीपुरी तोंडात जाईना.

आरोग्य केंद्रातल्या शिबिरात डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलं, तुझीच तीन बोटं उभी धर आणि पुढच्या दातांमध्ये घालून दाखव. दोन गेली. तिसरं अडलं.

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ कातडी हळूहळू घट्ट होत जाते, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. हा अजून कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या वाटेवरचा आजार आहे, आणि आवळलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं सहसा होत नाही. तंबाखू नको, नुसती सुपारी खातो असं सांगणारे खूप भेटतात. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं हे २००४ मध्येच सांगितलंय. राज्यात २०१२ ला गुटख्यावर बंदी आली, तर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळायला लागली, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो या गोष्टीचा की तोंडाचा कॅन्सर डोळ्यांना दिसतो, तरी कुणी बघत नाही. पोटातला, फुप्फुसातला दिसत नाही, त्याला मशीन लागतं. इथे खिडकीतला उजेड नाहीतर मोबाईलचा टॉर्च, एक आरसा आणि चूळ भरलेलं तोंड, बस. कवळी असेल तर काढायची. ओठ उलटून बघायचा, गाल बोटानं ताणून आतून बघायचा, खास करून जिथे तंबाखूचा बार धरता ती जागा, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू, आणि शेवटी मानेवरून हात फिरवून गाठ लागते का ते. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही. लाल चट्टा, तो तर जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हलायला लागलेला दात. सुरुवातीला हे दुखत नाही हो, तिथेच माणूस फसतो, दुखत नाही म्हणजे काही नाही असं धरून चालतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायतींमध्ये याचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या सात पंचायतींत ट्रेनिंग घेतलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टरही नव्हेत, घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडं नुसती बघायचे. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले मृत्यू तिथे जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले. नुसतं बघून!

गावात अजून एक भीती आहे. तपासायला चट्ट्याचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. त्या भीतीनं माणूस बायोप्सी टाळतो, जडीबुटी लावतो, चार महिने जातात. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही, थांबण्यानं पसरतो. लवकर सापडला तर छोट्या ऑपरेशनवर बहुतेक लोक बरे होतात. उशीर झाला की जबड्याचं हाड काढावं लागतं, पायातलं हाड घेऊन नवा जबडा करतात, कित्येक आठवडे नाकातल्या नळीनं जेवण.

व्यसन सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. ऑपरेशनचा खर्च सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो.

त्या पोराच्या गालात मागच्या बाजूला एक पांढरा चट्टाही होता. तो नागपूरला गेला, तुकडा दिला, कॅन्सर निघाला नाही. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. खर्रा सोडून त्याला चाळीस दिवस झालेत. बसस्टँडवर उतरला की टपरीकडून न येता मागच्या गल्लीतून घरी जातो, म्हणतो तो आवाज नको ऐकायला.