आपल्या आणि फाइलच्या मध्ये एक तार आहे

मंडळी, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, मागे उभे असलेल्यांनी खुशाल पुढे या. मागे ऐकू येतंय ना? छान.

आजचा विषय बाहेर फलकावर लिहिला आहे: ‘विद्यापीठाच्या सामायिक ड्राइव्हवर काय ठेवावं, काय ठेवू नये’. त्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेतो. ती नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कळायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

तुम्ही प्रयोगशाळेतल्या कुठल्याही मशीनवर बसता, लॉगिन करता आणि तुमच्या फाइली समोर हजर होतात. काल त्या खोलीत, आज या खोलीत. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यात कोणाचे कष्ट आहेत असं वाटतच नाही. पण हे कोणाचं तरी स्वप्न होतं. १९८३ साली एमआयटीत प्रोजेक्ट अथीना सुरू झाला. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साथीनं अँड्र्यू प्रकल्प उभा राहत होता. (नाव अँड्र्यू का? कार्नेगीही अँड्र्यू आणि मेलनही अँड्र्यू. एका नावात दोघांचा मान राखला गेला.) विद्यार्थी कुठेही बसो, त्याचं काम त्याच्या मागे यावं, हा दोन्हीकडचा ध्यास. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं एनएफएस, म्हणजे ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, आणलं. त्यात प्रोग्रॅमला काही बदलावं लागत नाही. फाइल उघड, वाच, लिही, हेच जुने आदेश. ती फाइल शेजारच्या इमारतीतल्या सर्व्हरवर आहे, हे प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही.

कळू नये, हाच त्या अभियंत्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी सुंदर साधला. माझं म्हणणं एवढंच, की प्रोग्रॅमला कळलं नाही तरी चालेल, माणसाला कळलं पाहिजे. मध्ये तार आहे, तारेपलीकडे सर्व्हर आहे आणि त्या सर्व्हरवर तुमच्यासोबत इतर माणसं आहेत.

आता एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा एका संगणक केंद्रात काम करत होतो. एका दुपारी दोन मुली आल्या, दोघींचे डोळे लाल. चौघींचा एक प्रकल्प होता आणि त्यासाठी सर्व्हरवर एक सामायिक फोल्डर. पहिलीनं तीन आठवडे मोजमापं घेऊन अहवाल लिहिला होता. कोणाचा हात लागू नये म्हणून तिनं फाइल ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, केली होती. दुसरीला जागा संपल्याचा इशारा आला, म्हणून ती ‘जुने’ नावाचं फोल्डर साफ करायला बसली. ‘आरएम’ या फाइल पुसण्याच्या आदेशाला ‘एफ’ जोडला, की तो काही विचारत नाही. अहवाल त्याच फोल्डरमध्ये होता. तो गेला.

पहिली म्हणत होती, “मी कुलूप लावलं होतं!” दुसरी म्हणत होती, “कुलूप असतं तर माझ्याकडून पुसली कशी गेली असती?” दोघींची मैत्री शाळेपासूनची. आणि दोघीही प्रामाणिकपणे खरं बोलत होत्या.

याचं कारण नीट ऐका, कारण इथे भले भले अडकतात. आमच्या सर्व्हरवर होती तशा युनिक्स घराण्यातल्या संगणक-प्रणालींत फोल्डर म्हणजे नावांची यादी. वर्गाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. फाइल पुसणं म्हणजे हजेरीपटावरचं नाव खोडणं. नाव खोडायला हजेरीपटावर लिहिण्याची परवानगी लागते. ज्याचं नाव खोडायचं, त्याला कोणी विचारत नाही. म्हणून फाइल कितीही रीड-ओन्ली करा, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी ज्याला आहे, तो ती पुसू शकतो. कुलूप कपाटातल्या वहीला होतं, कपाट सताड उघडं होतं.

मला राग आला तो त्या मुलींचा नाही. त्यांना मिळालेल्या छापील सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं होतं: ‘महत्त्वाची फाइल रीड-ओन्ली करावी, म्हणजे ती सुरक्षित राहते.’ ते वाक्य चूक होतं. ते बदला म्हणून मी तीन वेळा लेखी कळवलं. दर वर्षी तोच कागद नव्या मुलांच्या हातात पडत राहिला. शिकवण्याच्या जागी चुकीचं शिकवलं जातं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उपाय होता आणि एका ओळीचा होता. सामायिक फोल्डरला ‘स्टिकी बिट’ नावाची परवानगीची खूण लावायची. मग फाइल तिचा मालक किंवा फोल्डरचा मालकच पुसू शकतो. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरला हीच सोय असते. सोबत ‘सेटजीआयडी’ ही दुसरी खूण लावली, की नवी फाइल आपोआप गटाच्या नावावर जाते. आणि कृपा करून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊ नका. चौघींसाठी म्हणून उघडलेलं दार त्या सर्व्हरवरच्या प्रत्येकाला उघडं होतं.

अहवालाचं काय झालं? मिळाला. तो सर्व्हर ठरावीक वेळाने स्नॅपशॉट घेत होता, म्हणजे त्या क्षणी फोल्डर जसं होतं तसं गोठवून ठेवत होता. अनेक ठिकाणी ते ‘डॉट स्नॅपशॉट’ अशा लपलेल्या फोल्डरमध्ये दिसतं. विंडोजवर फाइलच्या गुणधर्मांत ‘मागील आवृत्त्या’ मिळतात. आम्ही तिघांनी मिळून फाइल परत आणली. सकाळपासूनची दुरुस्ती गेली, तीन आठवडे वाचले. जाताना दुसरीनं विचारलं, “हे आम्हाला स्वतःला करता आलं असतं?” आलं असतं. कोणाची परवानगी न मागता, दोन मिनिटांत.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. दहा मिनिटं? बरं, पाच. म्हणजे फलकावरचा विषय पळत पळतच घ्यावा लागणार.

हजारो बारीक फाइलींचं काम तारेवरून करू नका. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरकडे तीन खेपा आणि खेपेला एक मिलिसेकंद धरला, तर एक लाख फाइलींना नुसत्या येण्याजाण्याची ३०० सेकंद होतात. सगळ्या फाइलींची एकच गठडी बांधून आणा, मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर सोडा, काम करा आणि निकाल तेवढा परत ठेवा. एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा, डेटाबेसही तारेपलीकडे ठेवू नका. अनेकांनी एकाच वेळी लिहिलं की तिथे फाइल लॉकिंगवर, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याच्या सोयीवर, भरवसा ठेवता येत नाही आणि डेटाबेस बिघडू शकतो.

कोटा, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेली जागा, भरला की फक्त सेव्ह अडतं असं नाही. कधी कधी लॉगिनच होत नाही, कारण आत येताना लिहायच्या छोट्या फाइलींनाही जागा उरलेली नसते. आधी ब्राउझरचा कॅश, म्हणजे त्यानं साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती, बघा. बहुतेक वेळा जागा तिथेच गेलेली असते.

विंडोजवर नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली, तर ती साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही. ‘कायमची’ हा शब्द खिडकीत दिसला, की तो खरा माना.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो बहुधा त्याच यंत्रणेवर असतो. प्रबंधाची एक प्रत दुसरीकडे ठेवाच. आणि शेवटच्या सत्रात, खातं बंद होण्याआधी, गटाच्या ज्या फाइलींची मालकी तुमच्याकडे आहे, त्या मागे राहणाऱ्यांकडे सोपवा.

दोघांनी एकच फाइल एकदम उघडली तर काय, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. एएफएसमध्ये, म्हणजे अँड्र्यू प्रकल्पातून आलेल्या फाइल सिस्टिममध्ये, फाइल बंद करताना ती सर्व्हरकडे पूर्ण परत जाते. म्हणून ज्यानं शेवटी बंद केली, त्याचं लिखाण राहतं आणि आधीच्याचं जातं. एनएफएसचं उत्तर थोडं लांब आहे. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो उघडून दाराजवळच्या टेबलाशी या, दोन खिडक्यांत एकच फाइल उघडून करूनच बघू.