नात्याच्या वाटेने गेलेलं मिशन

(वसईतील एका धर्मग्रामाच्या सभागृहात आगमनकाळानिमित्त, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांत, दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आदरणीय फादर, सिस्टर्स आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘फिलिपाइन्समधील मिशनकार्याचे तीन टप्पे’. त्या तिन्ही टप्प्यांवर मी येणार आहे. पण त्याआधी, गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घोळत असलेली एक गोष्ट मला इथे मांडायची आहे, आणि ती मांडायला या सभागृहाइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे, नाहीतर बोटीवर आहे. फिलिपिनो माणूस म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. बोटीवर तुमच्या मुलाच्या शेजारच्या बंकवर तो झोपतो. कुवेतच्या इस्पितळात तुमच्या सुनेबरोबर ती रात्रपाळी करते.

माझं म्हणणं एवढंच आहे: फिलिपाइन्समध्ये ख्रिस्ती श्रद्धा आणली पाद्र्यांनी, पण ती टिकवली आणि पुढे नेली नातेवाइकांनी. आजीने, मावशीने, गॉडमदरने. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या घरात पाहिलं.

आमची वहिनी फिलिपिनो आहे. थोरला भाऊ कुवेतला नोकरीला होता आणि ती तिथे नर्स होती. शुक्रवारी कॅथीड्रलमध्ये एकामागून एक मिस्सा असतात, इंग्रजी, मल्याळम, कोकणी आणि फिलिपिनो लोकांची तागालोग. एक संपते, लोक बाहेर पडतात, दुसऱ्या भाषेचे आत शिरतात. त्या बाहेर पडण्या-शिरण्यात या दोघांची ओळख झाली. (हशा.) हसू नका, इथे समोर बसलेल्यांची लग्नंही तशीच जुळलेली मला ठाऊक आहेत!

वहिनीचं माहेर इलोइलोचं, पनाय बेटावरचं. लग्नानंतर एका नाताळाला आईला घेऊन आम्ही तिकडे गेलो. दारात पाऊल ठेवलं आणि घरातली पोरं एकेक करून आईपुढे आली, तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावू लागली. थोरांचा आशीर्वाद घ्यायची ही त्यांची रीत, तिला मानो म्हणतात. आई वाकून नमस्कार करून घ्यायला सरावलेली, तिला आधी उमजेना की हात कशाला ओढतायत. पण चौथ्या-पाचव्या मुलापर्यंत ती स्वतःच हात पुढे करू लागली. मग तिने मला हळूच विचारलं, “यातली सख्खी नातवंडं किती गं?” मी वहिनीला विचारलं. वहिनीला तो प्रश्नच नीट कळेना. एक चुलतबहिणीचा, एक शेजारच्यांचा पण लहानपणापासून इथेच वाढलेला, दोन भावाची मुलं ज्यांची आई हाँगकाँगला कामाला, एक वहिनीच्या आईची धर्मकन्या. सगळी ‘लोला’चीच. लोला म्हणजे आजी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला घर जागं झालं. १६ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत नऊ दिवस तिथे पहाटेची मिस्सा असते. कुणी तिला सिंबांग गाबी म्हणतं, इलोइलोकडे मिसा दे गालो. शेतकऱ्यांना उजाडताच शेतावर जायचं असतं म्हणून ती पहाटे ठेवली, असं तिथे सांगतात. आज शेतावर जाणारे कमी झाले, पण वेळ तीच. नऊच्या नऊ पहाटे चुकवल्या नाहीत तर मागितलेलं मिळतं, अशी श्रद्धा आहे. देवळाबाहेर बिबिंका भाजत असतात, म्हणजे तांदळाच्या पिठाची आणि नारळाच्या दुधाची जाडसर भाकरी, वर-खाली निखारे ठेवून भाजलेली. आईने ती खाल्ली आणि म्हणाली, हे आपल्या घरचंच काहीतरी आहे. तांदूळ आणि नारळ, वसईच्या बाईला आणखी काय हवं?

पण मला सांगायचंय ते देवळातलं नाही. त्या घरात लोला रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसायची. एका फळीवर बाळ येशूची मूर्ती, बाजूला मारिया माता, आणि परदेशी असलेल्या प्रत्येक माणसाचा फोटो. रोझरीच्या प्रत्येक दशकाला, म्हणजे दहा मण्यांच्या संचाला, ती एकेकाचं नाव घ्यायची. आमच्या भावाचंही नाव त्यात होतं, लग्न व्हायच्या आधीपासून. फोन चालू करून समोर ठेवलेला असे. कुवेतहून, हाँगकाँगहून, एका बोटीवरून, ज्याला जमेल तो ‘नमो मारिया’चं उत्तर देई. कुवेतला चर्चच्या आवाराबाहेर उघड धर्मप्रचार करता येत नाही हे तुम्ही जाणता. पण आजीच्या रोझरीला फोनवर बसायला कोण अडवणार? आमच्या भावाच्या खोलीवर राहणारे दोन-तीन जण, वर्षानुवर्षं मिस्सेला न गेलेले, या फोनमुळे पुन्हा देवळाकडे वळले. हे काम कुठल्या मिशनसंस्थेच्या अहवालात येणार नाही.

आता माझी तक्रार. ती इथे मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

भाच्याचा बाप्तिस्मा आम्ही इकडे करायचं ठरवलं. वहिनीने यादी केली. फिलिपिनो बाप्तिस्म्यात गॉडफादर म्हणजे निनोंग आणि गॉडमदर म्हणजे निनांग. ते दोनच नसतात, डझनभरही असतात. आणि मुलाचे आईवडील व हे सगळे एकमेकांचे कुंपारे-कुमारे होतात, म्हणजे आपल्याकडच्या व्याह्यांसारखं एक नवं नातं, पण आयुष्यभर निभवायचं. आजारपणात धावून जायचं, मुलाच्या शिक्षणाला हात लावायचा, नाताळला मुलाने यायचं आणि भेट घेऊन जायची. वहिनीच्या यादीत कुवेतच्या नर्सेस होत्या, तिच्या वॉर्डातला एक केरळी भाऊ होता, इलोइलोतले चार जण होते आणि आमच्या आळीतल्या दोघी. वहिनी ती यादी घेऊन एका चर्चच्या कचेरीत गेली. तिथे तिला सांगितलं गेलं की नावं दोनच लिहिता येतील. हे बरोबरच आहे. धर्मसभेचा नियमच तसा आहे, एक पुरुष, एक स्त्री, आणि फिलिपाइन्समध्येही मुख्य म्हणून दोघांचीच नोंद होते. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे झालं त्याबद्दल. यादी वाचून तिथले लोक हसले. “लग्नाची वरात आहे का?” असं विचारलं. आणि मग, तिला मराठी कळत नाही अशा समजुतीने, “ह्या फिलिपिनो बायका म्हणजे…” असं एक वाक्य बोलले, जे मी या पवित्र ठिकाणी उच्चारणार नाही.

तिला मराठी कळत होतं. आमच्या आईने शिकवलं होतं.

ती घरी येऊन काही बोलली नाही. रात्री तिने एक वही काढली आणि त्यात सगळ्यांची नावं लिहिली, प्रत्येकाने त्या मुलासाठी काय करायचं कबूल केलंय तेही लिहिलं. एकाने गणित शिकवायचं. एकीने दर वाढदिवसाला पत्र लिहायचं. आमच्या आळीतल्या मावशीने त्याला पहिल्या कम्युनियनची प्रार्थना मराठीत पाठ करून घ्यायची. आणि मंडळी, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ते केलं. मी साक्षीदार आहे. आपल्याकडे दोन गॉडपेरेंट असतात. मी तुम्हाला मनापासून विचारते, आपल्यापैकी किती जण बाप्तिस्म्यानंतर त्या मुलाच्या श्रद्धेची चौकशी करतात? ज्या बाईला आपण मोलकरणींच्या देशातली म्हणून हसतो, ती आपल्याला आपलंच कर्तव्य शिकवते आहे.

पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०२१ मध्ये, फिलिपाइन्समधल्या ख्रिस्ती धर्माला पाचशे वर्षं झाली तेव्हा, संत पेत्राच्या महामंदिरातल्या मिस्सेत रोममधल्या फिलिपिनो बायकांना श्रद्धेच्या चोरट्या वाहतूकदार म्हटलं होतं. कौतुकाने. कामाला जातील तिथे त्या श्रद्धा पेरतात, असं ते म्हणाले. मला हे ऐकल्यावर लोलाचा फोन आठवला.

फादरांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली. तर आता तीन टप्पे, भराभर.

पहिला टप्पा स्पॅनिश. १५२१ साली स्पेनच्या मोहिमेचा दर्यावर्दी मॅगेलन सेबू बेटावर आला, तिथला राजा हुमाबोन आणि त्याच्या राणीचा बाप्तिस्मा झाला, राणीला बाळ येशूची मूर्ती भेट मिळाली. दोन आठवड्यांत मॅगेलन माक्तानच्या लढाईत मारला गेला, आणि मग ४४ वर्षं तिथे एकही मिशनरी राहिला नाही. १५६५ मध्ये लेगास्पी या स्पॅनिश सरदाराची माणसं आली तेव्हा ती मूर्ती एका घरात जपून ठेवलेली सापडली. घरात, लक्षात घ्या. पुढे धर्मगुरू लोकांच्या भाषा शिकले. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पॅनिशबरोबर तागालोग आहे, आणि तेही त्यांच्या जुन्या बायबायिन लिपीतसुद्धा. आपल्या फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण त्यानंतर २३ वर्षांनी, १६१६ साली छापलं गेलं. १७०४ मध्ये येशूच्या दुःखसहनाची तागालोग काव्यगाथा आली, आणि आजही पवित्र आठवड्यात घराघरांत, मांडवात, तशा गाथा अखंड गायल्या जातात. गाणाऱ्यांना जेवू घालायचं काम यजमान कुटुंबाचं. याच काळाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मसंघांच्या हातात प्रचंड जमिनी होत्या, देशी पाद्र्यांना डावललं गेलं, आणि १८७२ मध्ये गोमेस, बुर्गोस, झामोरा या तीन देशी धर्मगुरूंना जाहीर मृत्युदंड दिला गेला. तरी लोकांनी श्रद्धा सोडली नाही. ती त्या संघांच्या मालकीची राहिली नव्हती, घरातली झाली होती, म्हणूनच.

दुसरा टप्पा प्रोटेस्टंट. १८९८ मध्ये अमेरिका आली. १९०१ साली मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले, म्हणजे एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ नको. वहिनीचं पनाय बेट मुख्यतः बाप्टिस्टांकडे. तिथे १९०० मध्ये एरिक लुंड हा स्वीडिश मिशनरी आणि ब्राउलियो मानिकान हा पनायचाच तरुण स्पेनहून बरोबरीने येऊन पोहोचले. नव्या कराराचं हिलिगायनोन, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतलं, भाषांतर या दोघांचं, आणि त्याची सुरुवात दोघे स्पेनमध्ये असतानाच झाली होती. मिशनऱ्याचं नाव सगळे घेतात, मानिकानचं घ्यायला विसरतात. इलोइलोत १९०१ मध्ये मिशन इस्पितळ निघालं आणि १९०६ मध्ये त्याला जोडून देशातली पहिली नर्सिंग शाळा. आज जगभर ज्या फिलिपिनो नर्सेस दिसतात त्यांच्या परंपरेचं एक मूळ या शाळेत आहे. वहिनीच्या घरात निम्मे कॅथलिक, निम्मे बाप्टिस्ट. नाताळच्या रात्री एकाच टेबलावर बसतात.

याच टप्प्यातलं आणखी एक नाव, फ्रँक लॉबाख. ज्या अमेरिकन बोर्ड या प्रोटेस्टंट मिशनसंस्थेने १८१३ मध्ये मुंबईत आणि पुढे अहमदनगरला मिशनरी पाठवले, त्याच बोर्डाचा हा माणूस. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर लानाओ सरोवराकाठी मारानाव मुसलमानांमध्ये तो राहिला. त्यांचं कुराण त्यांच्याकडून समजून घेतल्यावरच लोक त्याच्याशी बोलू लागले. त्याने साक्षरतेचं काम काढलं. मंदीत पैसे संपले, शिक्षक काढायची वेळ आली, तेव्हा एका मारानाव सरदाराने सांगितलं की जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवायचंच. तिथून ‘एकाने एकाला शिकवा’ ही रीत जगभर गेली. १९३५ मध्ये लॉबाख भारतातही साक्षरतेच्या कामाला आला. कल्पना मात्र त्या सरदाराची, आणि तीही घराघरांतून, नात्यानात्यांतूनच चालली.

तिसरा टप्पा आजचा, स्थलांतराचा. १९७४ च्या कामगार कायद्यानंतर परदेशी नोकरी हे तिथल्या सरकारचं धोरणच झालं. याची किंमत मोठी आहे. आईविना वाढणारी मुलं, लोलावर पडलेला भार, परदेशात होणारे अन्याय. हे सगळं सोसून जे मिशन होतं त्याला आपण फुकटचं समजू नये.

घंटा झाली, शेवटचा मुद्दा. आपले संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेले, येशूसंघीयांनी दाखल करून न घेतल्यावर मनिलाला गेलेले. फ्रान्सिस्कन बंधू झाले ते मनिलात. तिथल्या गव्हर्नरच्या वकिलातीबरोबर १५९३ मध्ये दुभाषी म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर चढवले गेले. चाळीस वर्षांनी, १६३७ मध्ये, त्याच नागासाकीत लोरेंझो रुईझ मरण पावले, मनिलाच्या बिनोंदोचे, बायको आणि तीन मुलं असलेले, फिलिपाइन्सचे पहिले संत. गोन्सालोंना वसईने घडवलं आणि मनिलाने स्वीकारलं. वसईतल्या गासला त्यांच्या सणाला आपण दरवर्षी जातो, प्रवचनात नागासाकी येतं, मनिला येत नाही. येत्या ५ फेब्रुवारीला या भागातल्या फिलिपिनो सुनांना, जावयांना आणि सुट्टीवर आलेल्या बोटीवरच्या मित्रांना रीतसर आमंत्रण द्यावं, एक वाचन तागालोगमध्ये व्हावं, अशी विनंती मी फादरांपुढे लेखी ठेवली आहे. पत्राच्या प्रती दाराशी आहेत, सह्या करून जा.